कॉलेजला कार, स्कूटर की मेट्रो? पुण्यात राहून ठरवताना

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी कारचा प्रश्नच येत नाही. १८ पूर्ण झाल्याशिवाय कारचं लायसन्स मिळत नाही. त्याआधी मुलगा गाडी चालवताना सापडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होऊ शकते. लर्निंग लायसन्सवरही एकट्याने चालवता येत नाही, शेजारी पक्कं लायसन्सवाला लागतो.

पदवीला असाल तर आधी कॉलेज कुठे आहे ते बघा. फर्ग्युसन, गरवारे, एसपी अशा मध्यवस्तीतल्या कॉलेजला कार नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण चालवण्यापेक्षा लावण्याची आहे. कॅम्पसमधली जागा दुचाक्यांनीच भरते. विद्यार्थ्यांच्या कार आत सोडतात का, हे गेटवरच्या वॉचमनकाकांना विचारून घ्या. बाहेर लावायची तर कितीतरी रस्त्यांवर सम-विषम तारखांची पाटी असते. काल जिथे लावली तिथेच आज लावली, की लेक्चर संपेपर्यंत चाकाला जॅमर. त्यात एफसी आणि जेएम रोड वन-वे. एक जागा हुकली की पुन्हा सगळा वळसा, आणि तोवर हजेरी होऊन गेलेली असते.

खर्चाचं गणित सोपं आहे. धायरीहून टिळक रोडला जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. गर्दीत कार लिटरला बारा-तेराच देते आणि पेट्रोल शंभरीपार, म्हणजे रोजचे दीडशेच्या वर. स्कूटरला पन्नासच्या आसपास. पीएमपीचा विद्यार्थी पास त्याहून स्वस्त, फक्त सकाळी बस गच्च भरलेली असते.

तरी पालक कारकडे वळतात ते काळजीपोटी. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली जातात, मुलं हेल्मेट हँडलला अडकवून निघतात. ही भीती खरी आहे, स्कूटरपेक्षा कार सुरक्षितच. पण तुमच्या वाटेवर मेट्रो असेल तर तिला तोड नाही. वनाज ते गरवारे मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला, २०२४ पासून पिंपरीहून थेट स्वारगेटला उतरता येतं आणि तिथून एसपी चालत गाठता येतं. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलतही आहे.

कॉलेज लवळे, वाघोली, तळेगावकडे असेल तर माझं मत बदलतं. तिकडे बस चुकली की बराच वेळ ताटकळावं लागतं. एकाच भागातले तिघं-चौघं मिळून जाणार असाल तर कार जरूर न्या. पेट्रोलचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच गोळा करा आणि चालवणारा एकच ठरवा.

साताऱ्याहून किंवा नगरहून येऊन होस्टेलला राहणाऱ्यांनी मात्र गाडी घरीच ठेवावी. आठवडाभर ती नुसती उभीच राहते, आणि सुट्टीला गावी जायला एसटी आहेच.