सांगलीतल्या छोट्या पेढीसाठी मेल सर्व्हर: झिंब्रा की पोस्टफिक्स आणि डव्हकॉट?

स्वतःचाच मेल सर्व्हर चालवायचा हे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यासमोर माझ्या मते दोनच पर्याय उरतात. एक, सगळे एकत्र बांधून देणारे झिंब्रा. दुसरा, मेलची ने-आण पोस्टफिक्सकडे आणि साठवण डव्हकॉटकडे सोपवून वर ब्राउझरमधून मेल पाहण्यासाठी राउंडक्यूब बसवणे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या वाटेला मी गेलो नाही, कारण २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून पुढची आवृत्ती वर्गणीवर मिळते. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीत मी दोन्ही मांडण्या सांभाळल्या आहेत. पुढील मते तेवढ्या अनुभवापुरतीच समजावीत.

यंत्र ठेवण्याचा प्रश्न दोन्हींना सारखाच आहे. ऑफिसच्या लाइनचा रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) सहसा आपल्या हाती नसतो, त्यामुळे तेथून पाठवलेला मेल पलीकडे अडतो. शिवाय २०१९ च्या महापुरानंतर तळमजल्यावर यंत्र ठेवण्याचा विषय आमच्याकडे कोणी काढत नाही. भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हरच बरा. मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पलीकडे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी कोणत्याही सॉफ्टवेअरला चुकत नाहीत.

झिंब्राची बाजू भक्कम आहे. सामायिक कॅलेंडर, पत्तेवही आणि ब्राउझरमधून खाती हाताळण्याची सोय पहिल्या दिवसापासून मिळते, आणि ज्यांच्याकडे बैठकांचे वेळापत्रक सर्वांनी पाहायचे असते त्यांना डव्हकॉटकडे असलेला माझा कल कदाचित पटणार नाही. मात्र जावावरची मेलबॉक्स सेवा, खात्यांची नोंदवही असलेले एलडॅप आणि मारियाडीबी हा डेटाबेस मिळून मेमरी बरीच खातात, आणि आवृत्ती ९ पासून मुक्त (ओपन सोर्स) आवृत्तीची तयार पॅकेजेस मूळ कंपनी देत नाही. गंमत अशी, की झिंब्राच्या पोटातही मेल पाठवण्याचे काम पोस्टफिक्सच करते. म्हणजे खरा फरक साठवणीचा आहे, आणि माझा निर्णयही तेथेच झाला.

आमच्या हिशेबनिसांनी जागा मोकळी करताना एका निर्यात ग्राहकाचे फोल्डर पुसले आणि हंगाम उलटल्यावर त्यातील एकाच मेलची गरज पडली. झिंब्रात डम्पस्टर, म्हणजे पुसलेले मेल काही काळ राखून ठेवण्याची सोय, चालू असेल तर ठरावीक मुदतीत पुसलेले परत मिळते. मुदत उलटली की मुक्त आवृत्तीत एकाच खात्याचा बॅकअप परत भरण्याची अंगभूत सोय नाही. मग सगळा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करायचा आणि त्यातून ते खाते बाहेर काढायचे, म्हणजे एका मेलसाठी अख्खे बिऱ्हाड हलवायचे. हा त्रास एकदा सोसला आणि त्यानंतर मन झिंब्रावर बसले नाही.

डव्हकॉट मेलडिर पद्धतीने साठवत असेल तर प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. आलेला मेल नंतर बदलत नाही, त्यामुळे फाइलींच्या प्रती काढणाऱ्या आरसिंकने हार्ड लिंक (एकाच फाइलकडे नेणारी दुसरी नोंद) वापरून जुन्या तारखांच्या प्रती ठेवल्या तरी जागा फारशी वाढत नाही. हवा असलेला मेल जुन्या प्रतीत ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधायचा, मेलडिरमधल्या 'न्यू' फोल्डरात टाकायचा, फाइलची मालकी बदलायची, की तो इनबॉक्समध्ये दिसतो. शोधताना विषयावर भिस्त ठेवू नये. देवनागरी विषय मेलमध्ये सांकेतिक रूपात असतो आणि ग्रेपला सापडत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता धरून शोधावे.

या मांडणीतही कटकटी आहेत. कॅलेंडर वेगळे बसवावे लागते, खाती हाताळायला ब्राउझरमधला पडदा मिळत नाही, आणि क्लॅमएव्ही हे व्हायरस तपासणारे सॉफ्टवेअर लावल्यास ते एकटेच १ जीबीहून अधिक मेमरी घेते. ज्यांना टर्मिनलवर आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा आहे त्यांनी मेलकाऊ पाहावे; आत हीच दोन सॉफ्टवेअर असून वर पडदा मिळतो. डव्हकॉट २.४ ची कॉन्फिगरेशन फाइल २.३ शी जुळत नाही, आणि डेबियन १३ या लिनक्समध्ये २.४ च येते. तेव्हा आज नव्याने उभारणाऱ्याने जुनी मार्गदर्शिका समोर न ठेवता थेट २.४ ची मांडणी लिहावी.