पदरच्या पैशावर सॉफ्टवेअर, की गुंतवणूकदाराच्या?

गेल्या महिन्यात तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात तासभर बसलो होतो. दिवाणजी फोनवर बेदाण्याची आवक टाकत होते: शेतकऱ्याचं नाव, पेट्या, खोली नंबर, तारीख. मधेच नेट गेलं. ते थांबले नाहीत, नोंदी करतच राहिले; नेट आल्यावर सगळं आपोआप वर गेलं. हे सॉफ्टवेअर सांगलीत विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत बसून दोन पोरांनी केलंय. त्यांनी मला विचारलं, "काका, तुमचे पैसे घ्यावेत, की चाललंय तसंच चालवावं?"

मी मूळचा हळदीच्या अडतीतला. गेली काही वर्षं छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालतो. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या बाजूला बसून हे लिहितोय, आणि असाच विचार करणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडावं.

आधी पदरच्या पैशाचं. यात खरा सावकार म्हणजे गिऱ्हाईक. समजा ४० कोल्ड स्टोरेजनी वर्षाचे १२,००० रुपये आगाऊ भरले, तर ४,८०,००० रुपये हातात येतात. बिनव्याजी, आणि हिस्सा न देता. म्हणून महिन्याच्या वर्गणीपेक्षा वर्षाची आगाऊ वर्गणी मागा, थोडी सूट देऊन का होईना. या वाटेवर चुकाही स्वस्तात होतात, कारण उधळायला पैसाच नसतो.

पण एक खड्डा इथे हमखास असतो. पैशाची चणचण असली की एखादं मोठं गिऱ्हाईक म्हणतं, "आमच्यापुरतं हे वेगळं करून द्या, दोन लाख देतो." पहिल्यांदा हो म्हणावंच लागतं. तिसऱ्यांदाही हो म्हटलं, की तुमचं सॉफ्टवेअर राहतं बाजूला आणि तुम्ही दुसऱ्यांची कामं करून देणारे होता. चांगली पोरं अशी अडकलेली मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट घरची. दोन वर्षं पगार न घेता राहता येईल का, हे आई-वडिलांशी आणि बायकोशी आधीच मोकळेपणानं बोला.

आता आमचा पैसा. माझ्यासारखा एकटा माणूस स्वतःचे पैसे घालतो, तो थांबू शकतो. व्हेंचर फंडाचं, म्हणजे अनेकांचे पैसे गोळा करून नव्या कंपन्यांत घालणाऱ्या संस्थेचं, तसं नसतं. फंडाकडचा पैसा दुसऱ्यांचा, आणि तो साधारण दहा वर्षांत वाढवून परत द्यायचा असतो. दहा कंपन्यांत घातलेल्या पैशांपैकी बरेच बुडणार हे त्यांनी धरलेलंच असतं. एक-दोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करायची. त्यामुळे वर्षाला ५० लाख नफा देणारा तुमचा छान धंदा त्यांच्या हिशेबात बसत नाही. ते वाईट नसतात, त्यांचं गणितच वेगळं असतं.

करारातलं एक कलम मात्र बोट ठेवून वाचा: लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली की गुंतवणूकदाराने आपले पैसे आधी काढून घ्यायचे. समजा फंडाने ४ कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला आणि पुढे कंपनी ६ कोटींना विकली गेली. २० टक्क्यांनी फंडाचे १ कोटी २० लाख होतात, पण या कलमाने तो आधी आपले ४ कोटी काढून घेऊ शकतो. तुम्हाला उरतात २ कोटी. स्वतःच्या पैशावर उभी केलेली कंपनी २ कोटींना विकली असती तरी तेवढेच मिळाले असते. शिवाय हिस्सा घटत जातो तो वेगळा. पहिल्यांदा १५ टक्के, मग दोनदा २० टक्के दिले (दर वेळी तुमच्या उरलेल्या हिश्श्यातले तेवढे टक्के कमी होतात), की तुमच्याकडे साधारण ५४ टक्के राहतात, आणि ते दोघांत वाटायचे.

कागदपत्रांचं थोडक्यात: फंडाला शेअर द्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेड लागते, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) चालत नाही; आणि प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल कितीही कमी असली तरी ऑडिट करावंच लागतं. ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो एंजल टॅक्स (रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर देऊन आलेल्या पैशावरचा कर) २०२४च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला, तेवढी एक काळजी मिटली.

दोन्ही वाटांनी मोठं होता येतं. चेन्नईतच बघा. १९९६ साली ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली झोहो बाहेरचं व्हेंचर भांडवल न घेता वाढली. तिथेच काम केलेले गिरीश मातृभूतम यांनी २०१०मध्ये दुसरी कंपनी काढली, फंडांचे पैसे घेतले, आणि ती फ्रेशवर्क्स २०२१मध्ये नॅस्डॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारावर गेली. दोघांनीही आपापल्या पैशाला साजेसा वेग धरला.

माझं नुकसान गिऱ्हाईक टिकण्याआधीच वेग आल्यामुळे झालं. शाळांच्या फीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी पैसे घातले. त्या पैशांतून विक्रीला पाच माणसं ठेवली. शाळा वाढल्या, पण दर महिन्याला शंभरातल्या पाच सोडून जात होत्या. पाच म्हणजे थोड्या वाटतात ना? त्या हिशेबाने वर्षाअखेरीला शंभरातल्या ५४च उरतात. गळक्या पिंपात आम्ही पाणी ओतत होतो, आणि पैसे घालणारा म्हणून मी तो आकडा आधी विचारायला हवा होता. आजही मला त्या पोरांचं वाईट वाटतं.

म्हणून विश्रामबागेतल्या त्या दोन पोरांना मी आत्ता पैसे देत नाही, आणि त्यांनी कुणाचेच घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस आहेत मोजकी. फंडाला हवी तेवढी मोठी ही बाजारपेठ नाही. पण हेच काम हळद, द्राक्ष, बटाटा अशा इतर गोदामांना चाललं, नवी गिऱ्हाइकं स्वतःहून फोन करू लागली आणि बसवून द्यायला माणसं कमी पडू लागली, तर बाहेरचा पैसा खरा कामाला येईल. अडतीत हा फरक आम्ही रोज बघतो: पेवातली हळद स्वतःची असली तर भाव येईपर्यंत थांबता येतं, व्याजाच्या पैशावर भरलेली असली तर मिळेल त्या भावाला काढावी लागते.

नवा बेदाणा निघाला की त्यांच्या ४० गिऱ्हाइकांच्या वर्गण्या पुन्हा भरायच्या आहेत. त्यातल्या किती जणांनी आठवण न करता भरल्या, एवढा आकडा घेऊन एप्रिलमध्ये या, असं मी त्यांना सांगितलंय. ३५च्या वर असला तर चेकबुक घेऊन मीच विश्रामबागेत जाईन.