भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर: सांगलीतील घरांसाठी कितपत उपयोगी?

विश्रामबागेतील आमच्या बंगल्यात इलेक्ट्रिक गाडीसाठी ७.२ किलोवॅट क्षमतेचा भिंतीवरचा चार्जर बसवल्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण टाइप-२ प्लग आणि ३२ अ‍ॅम्पियरच्या या पेट्यांचे मूळ काम सारखेच असते आणि समाधान की मनस्ताप, हे बरेचसे पेटीच्या मागच्या वायरिंगवर ठरते.

खरेदीपूर्वी गाडीची माहितीपुस्तिका उघडावी. भिंतीवरची पेटी केवळ एसी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोहोचवते. तिचे डीसीत रूपांतर करून बॅटरी भरण्याचे काम गाडीतील ऑनबोर्ड चार्जर करतो आणि वेगाची मर्यादा तोच घालून देतो. टियागो ईव्ही बाजारात आली तेव्हा तिच्यात ३.३ आणि ७.२ किलोवॅट असे दोन पर्याय होते. यांपैकी पहिला पर्याय घेतलेल्या माणसाने ७.२ किलोवॅटची पेटी लावली, तरी गाडी पूर्वीच्याच गतीने भरणार. थ्री फेजवरच्या ११ किलोवॅटच्या पेटीचा आग्रह करणाऱ्या विक्रेत्यालाही, माझ्या गाडीतील ऑनबोर्ड चार्जर एवढा वेग घेतो का, हे विचारावे.

शिवाय ज्यांचे रोजचे जाणे-येणे सांगली-मिरजेपुरते आहे, त्यांना या पेटीची गरज आहे असे मला वाटत नाही. गाडीसोबत मिळणारी केबल चांगल्या १५ अ‍ॅम्पियरच्या पॉइंटला रात्रभर लावली, तर सकाळपर्यंत साधारण तीस युनिट वीज भरली जाते आणि तेवढ्यात मध्यम आकाराची गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. पुण्याहून रात्री उशिरा परतून सकाळी पुन्हा लांबच्या गावी निघणाऱ्याला मात्र ७.२ किलोवॅटचा वेग खरोखरच उपयोगी पडतो.

आमचा सर्वाधिक वेळ अर्थिंगने खाल्ला. वायरमनने जोडणी पूर्ण करून वीज सुरू केली, तेव्हा हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा लुकलुकू लागला आणि गाडी काही केल्या चार्जिंग घेईना. त्याने मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला आणि दुसरी अर्थिंगला लावताच दहाच्या वरचा आकडा दिसला. हा फरक दोन-तीन व्होल्टच्या पुढे जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. बंगला बांधताना केलेला मीठ-कोळशाचा खड्डा पार कोरडा पडला होता आणि भोवतीच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात बोटभर रुंदीच्या भेगा गेल्या होत्या. नवे केमिकल अर्थिंग (ओलावा धरून ठेवणारे रसायन भरलेले) केल्यावरच दिवा हिरवा झाला. पेटीने अडून बसावे हा मला तिचा गुणच वाटतो, कारण फ्रिज किंवा गिझर असा दोष निमूटपणे चालवून घेतात.

मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून तिच्यासाठी सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरावी. अंतर बरेच असेल तर दहाची. डीसी गळती ओळखण्याची सोय पेटीत आहे का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण घरातील साध्या आरसीसीबीला, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचला, ती गळती कळत नाही.

विजेचा हिशेबही आधीच करावा. ही पेटी एकटीच सव्वासात किलोवॅटपर्यंत भार घेते, त्यामुळे महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दीडशेहून अधिक युनिट वापरते आणि घरगुती मीटरवर शंभर व तीनशे युनिटांनंतर दर चढत असल्याने घराचे एकूण बिल वरच्या टप्प्यात जाते. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. वापर मोठा असेल तर तिचा विचार अवश्य करावा.

गावभागासारख्या कृष्णाकाठच्या वस्तीत पेटीची उंची हा मुद्दा वेगावर मात करतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पेटीवर लिहिलेले आयपी-६५ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानक पावसाच्या माऱ्यापासून संरक्षण देते, बुडण्यापासून नाही. अशा ठिकाणी पटकन काढता येणारी पेटी घ्यावी आणि तिचा एमसीबी वरच्या मजल्यावर ठेवावा.

रोजच्या वापरात केबल लांबीला पुरेशी आहे आणि लाइट जाऊन आली की चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होते. रात्रीच्या चार्जिंगसाठी ही सोय अत्यावश्यक आहे. मोबाइल अ‍ॅप मात्र सुमार असून पार्किंगमध्ये वायफाय क्षीण असल्याने वेळेचे नियोजन अनेकदा जुळत नाही. विक्रीनंतरची सेवा त्याहून निराशाजनक आहे: प्लगची कडी तुटली, तेव्हा तंत्रज्ञ पुण्याहून येईपर्यंत गाडी जुन्या १५ अ‍ॅम्पियरच्या पॉइंटवरच भरावी लागली. त्यामुळे नवी पेटी बसवताना तो पॉइंट काढून टाकू नये.