वॅलगॅन्सायक्लोविर ४५०: किडनी ट्रान्सप्लांटनंतरचे तीन महिने

गोळीचा काय रिव्ह्यू लिहायचा असं आमच्या हिचं म्हणणं, पण मी घ्यायच्या आधी मराठीत शोधलं तेव्हा धड काही सापडलं नव्हतं म्हणून लिहितोय.

किडनी आईने दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधं सुरू झाली की प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणलेली असते, नाहीतर शरीर नवी किडनी ठेवून घेत नाही. आणि सीएमव्ही नावाचा व्हायरस आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून गपगुमान पडून असतो, तो नेमका अशा वेळी उठतो, मग ताप, जुलाब, कधी फुफ्फुसापर्यंत जातं. ते होऊ नये म्हणून ही गोळी, मला तीन महिने सांगितलेली, रोज एक. शेजारच्या बेडवरच्या काकांना रोज दोन होत्या, डोस किडनी किती चालतेय त्यावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्याचं बघून घेऊ नका.

आता दुकानाची गोष्ट. घराजवळच्या मेडिकलवाल्या पोराने कागद बघितला आणि वॅलासायक्लोविर काढून दिलं! नाव ऐकायला सारखंच, पण ते नागिणीवर, हर्पिसवर देतात, माझ्या गोळीच्या जागी चालत नाही. स्वस्त कसं काय म्हणून शंका आली (खऱ्या गोळीला एकेकीचे शेकड्यात पैसे जातात हो), पाकीट उलटं करून अक्षर न् अक्षर वाचलं तेव्हा कळलं. पोरगा म्हणतो "एकच असतं काका". तेव्हापासून हॉस्पिटलच्या दुकानातूनच आणतो, रांग लागली तरी चालेल.

गोळी गुलाबी, बऱ्यापैकी मोठी. जेवणानंतरच घ्यायची, पोट भरलेलं असलं की जास्त शोषली जाते. तोडायची नाही, कुटायची नाही, फुटली तर नुसत्या हाताने उचलायची नाही, मी आधी अर्धी करून गिळायचा विचार करत होतो, नर्सताईंनी चांगलं झापलं.

त्रास? मळमळ थोडी. खरा झटका दुसऱ्या महिन्यात, सीबीसीमध्ये (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) पांढऱ्या पेशी घसरून २४०० वर आल्या. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट कमी केलं, दर आठवड्याला रक्त दे म्हणाले, तीन आठवड्यांनी पेशी वर आल्या. या गोळीने हे होतंच बऱ्याच जणांना, त्यामुळे सीबीसी चुकवू नका, आणि आपल्या मनाने गोळी बंद तर अजिबात नाही.

सीएमव्ही पीसीआर (रक्तात तो व्हायरस आहे का बघायची तपासणी) दोनदा केली, दोन्ही वेळा निल. पाचपैकी चार स्टार, एक किमतीचा कापला. सहा गोळ्या उरल्यात, दुकानवाला परत घ्यायला तयार नाही.