टीव्हीला कॉम्प्युटर: थेट एचडीएमआय की डिस्प्लेपोर्टला अडॅप्टर?
म्हापशाच्या घरी भावाचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडताना दोन्ही करून पाहिलं. ग्राफिक्स कार्डला एचडीएमआय असेल तर सरळ तीच केबल लावा. चित्र आणि आवाज एकाच तारेतून जातात. ४के (खूप बारीक तपशिलाचं) चित्र ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलताना, दिसायला एचडीएमआयची २.० आवृत्ती लागते. जुन्या १.४ वर ३० हर्ट्झच मिळतात, मग माऊसचा बाण अडखळत सरकतो.

डिस्प्लेपोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा चित्राचा दुसरा सॉकेट, बहुतेक टीव्हींना नसतोच, म्हणून त्याचं एचडीएमआय करणारा अडॅप्टर. चालतो, पण स्वस्तातले बरेच ३० हर्ट्झवरच थांबतात. पाकिटावरचं वाचूनच घ्या. शिवाय आमच्या खाऱ्या, दमट हवेत एक जोड वाढला की गंजायला एक जागा वाढली. मी तरी थेट केबलच ठेवली.

खालचा टास्कबार अर्धा कापलेला दिसला तर केबल बदलू नका, टीव्हीतलं ओव्हरस्कॅन (चित्र जरा मोठं करून कडा कापणारी सेटिंग) बंद करा.