प्लास्टिगेज की मायक्रोमीटर?

इंजिनचा क्रँक (क्रँकशाफ्ट) बाहेर काढून पुसून ठेवलाय आणि प्रश्न एकच आहे: नुसते नवे शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या) टाकून भागेल की क्रँक ग्राइंडिंगला, म्हणजे घासून बारीक करायला, द्यावा लागेल? यावर काय हातात घ्यायचं ते ठरतं.

प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखा मऊ, बारीक दोरा. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि शेल अगदी कोरडे पुसायचे, कारण तेलात तो विरघळतो. दोरा जर्नलवर आडवा नाही, लांबीच्या दिशेने ठेवायचा. कॅप (बेअरिंगचं बोल्टने बसणारं झाकण) मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायची, परत खोलायची आणि चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचा. जितका रुंद, तितका क्लिअरन्स (जर्नल आणि शेलमधली फट) कमी. हिरवा दोरा साधारण ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंत दाखवतो. मधे क्रँक हलवायचा नाही. मी एकदा बोल्टला पाना नीट लागावा म्हणून जरासा फिरवला. कॅप उघडली तर दोऱ्याच्या जागी नुसता हिरवा ओरखडा! इंजिन गाडीतच असेल तर क्रँकचं वजन खालच्या कॅपवर येतं, तेव्हा तो वर उचलून धरला नाही तर मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

स्वस्त, सोपं, पण दोरा फक्त फट सांगतो, तीही तो ठेवला तिथलीच. फट वाढली ती शेल झिजल्यामुळे की जर्नल, हे त्याला कळत नाही.

ते मायक्रोमीटरला (बाहेरचा व्यास बारकाईने मोजणाऱ्या मापकाला) कळतं. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना मोजायचं म्हणजे टेपर (एका टोकाला जास्त बारीक होणं) दिसतो. त्याच जागी ९० अंशांत फिरवून मोजलं की जर्नल अंडाकृती झालंय का ते दिसतं. मग शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून आत बोअर गेज (आतला व्यास मोजणारा मापक) घालायचा. इथे एक युक्ती फार कामाची: जर्नलवर आला त्याच मापाला मायक्रोमीटर लॉक करायचा आणि त्याच्या जबड्यातच गेजचा शून्य लावायचा. आता गेजची सुई वजाबाकीशिवाय थेट क्लिअरन्स दाखवते, आणि मायक्रोमीटर किंचित चुकीचा असला तरी ती चूक दोन्हीकडे सारखी राहून कटते. शेलचे दोन अर्धे जिथे मिळतात त्या सांध्याजवळ ते मुद्दाम पातळ केलेले असतात, म्हणून माप सांध्याला काटकोनातच घ्यायचं.

५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमीच्या आसपास क्लिअरन्स हा जुना ठोकताळा. अंतिम शब्द मॅन्युअलचा.

जुना, झिजलेला क्रँक असेल तर मी दोऱ्याला हातही लावणार नाही. ०.२५ मिमी अंडरसाइझ (घासून तितक्या बारीक केलेल्या जर्नलसाठीचा जाड शेल) घ्यायचा की ०.५०, हे मायक्रोमीटरशिवाय ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. एकाच कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) शेल बदलायचे असतील, जर्नलवर नखाला ओरखडा लागत नसेल आणि बोअर गेज हाताशी नसेल, तर दोरा पुरे. क्रँक नुकताच ग्राइंड होऊन आला असेल तर मात्र दोन्ही: आधी माप, आणि शेवटच्या जुळणीच्या वेळी दोरा.