उजनीसाठी तयार मत्स्य-आसरा: पट्ट्या चांगल्या, दोरी बदला

उजनी धरणात सोडलेली बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सुरुवातीच्या आठवड्यांत टिकावी म्हणून पीव्हीसी पाइप आणि नायलॉन पट्ट्यांचे तरंगते आसरे तयार मिळू लागलेत. चार फुटी चौकट, खाली सहा फूट लोंबणाऱ्या पट्ट्या, दहा मीटर दोरी, एवढा संच.

पट्ट्यांचं काम नेटकं आहे. दोन पट्ट्यांमध्ये तीन-चार बोटांचं अंतर, त्यामुळे दोन-तीन इंची पिल्लू आत शिरतं, पिल्लं खाणारा मोठा शिंगटा मासा बाहेरच घुटमळतो. पंधरा-वीस दिवसांत पट्ट्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, तो रोहूच्या पिल्लांना खायला मिळतो. नको असलेली चिलापी मासळीही त्यावर ताव मारते, त्याला इलाज नाही. कटल्याला मात्र पाण्याच्या वरच्या थरातले प्राणिप्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) हवेत आणि मृगळ तळाशी चरणारा. नुसता कटला सोडणाऱ्यांनी यात फार पैसे घालू नयेत. पट्ट्या सहा फुटांवर थांबवल्यात तेही बरं, कारण उन्हाळ्यात खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो.

घोळ आहे तो दोरीचा. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे तळाचा राखीव, आणि तरीही उन्हाळ्यात धरण ‘वजा’त जातं, म्हणजे पाणी या मृत साठ्याच्याही खाली उतरतं. पातळी इतकी हलत असताना दहा मीटर दोरी काय पुरणार? खोल जागी धरण भरताना ती चौकटीला पाण्याखाली ओढते. उथळ जागी मे महिन्यात ढिली पडून आसरा काठाच्या चिखलात लोळतो.

उपाय सोपा आहे. धरण भरल्यावर त्या जागी जेवढं पाणी असेल त्याहून दोन-तीन मीटर जास्त दोरी घ्या. एक टोक चाळीस किलो वाळूच्या प्लॅस्टिक पोत्याला बांधा (गोणपाट कुजतं), दुसरं चौकटीच्या कडीतून ओवून त्याला पाच किलोचा दगड लटकवा. पाणी उतरलं की दगड खाली जाऊन ढील ओढून घेतो. पाणी दोरीच्या निम्म्या लांबीवर आलं की दगड तळाला टेकतो, तेव्हा दोरी आखडायची. या वजनासाठी वीस लिटरचा बंद कॅन जादा बांधावा लागतो.

घेताना कोपऱ्यांचे जोड पाण्यात दाबून बघा. बुडबुडे आले तर तो कोपरा महिन्याभरात बुडणार. काही संचांत पट्ट्यांऐवजी जुन्या जाळ्याचे तुकडे असतात. ते घेऊच नका, पिल्लं कल्ल्यांनी अडकून मरतात.

जागा निवडताना केत्तूर-कुगावकडच्या ओढ्यांची मुखं बरी, पण वाऱ्याच्या तोंडावर नको. जलपर्णीचा गठ्ठा दोरीला अडकला की पोत्यासकट सगळं सरकतं. शिवाय आसऱ्याभोवती लहान मासळी जमते हे वडापवाल्यांनाही (बारीक आसाचं जाळं ओढून लहान मासळी उपसणाऱ्यांना) कळतं. म्हणून आजूबाजूला वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या दगड बांधून टाकाव्यात, जाळं ओढणं अवघड होतं.

हिप्परग्यासारख्या लहान तलावात तर या फांद्याच पुरेत, तयार संचाची गरज नाही. फक्त आधी आठवडाभर वाळवून पाला झाडा, हिरवा पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो.